माळ्यावरचा टीव्ही गेम आणि अंकल स्क्रूज: प्लगपासून चंद्रापर्यंत

दसरा झाला की आमच्याकडे माळा उतरवतात. नौपाड्यातलं जुनं घर सोडून घोडबंदरला आलो तेव्हा निम्मं सामान न उघडताच वर गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यातून एक पुठ्ठ्याचा खोका खाली आला. आत राखाडी टीव्ही गेम, वायरींचा गुंता, दोन रिमोट आणि आठ-नऊ कॅसेटी. एका कॅसेटीवर उंच टोपी घातलेलं, काठी उगारलेलं बदक. भाची लगेच म्हणाली, "मामा, हा तर स्क्रूज! चालतो का रे अजून?"

चालत नव्हता. तो चालू करायला दोन शनिवार-रविवार लागले आणि त्यातला दीड माझ्याच मूर्खपणात गेला. तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणांचे असे टीव्ही गेम जिवंत करून दिले, एक तर थेट नेरुळहून पिशवीतून आला होता. प्रत्येकाची चूक माझीच होती. टीव्ही गेम चालला नाही की आपला हात पहिल्यांदा कॅसेटीकडे जातो. काढ, फुंक, घाल, परत काढ. दुखणं मात्र बहुतेक वेळा अडॅप्टरमध्ये नाहीतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे: भिंतीतल्या प्लगपासून सुरुवात, मग यंत्र, मग टीव्ही, कॅसेटीची पाळी त्यानंतर. शेवटी खेळ, आणि तो त्या स्क्रूजच्या 'डकटेल्स'चाच, कारण माझ्या मते या यंत्रावर कार्टूनवरून निघालेल्या खेळांत त्याला तोड नाही.

(कॅसेट म्हणजे कार्ट्रिज आणि रिमोट म्हणजे कंट्रोलर. लहानपणी जे म्हणायचो तेच इथे म्हणतो.)

आधी ठरवा, तुम्हाला नक्की काय हवंय

नुसतं खेळायचं असेल तर पुढचं अर्धं वाचूही नका. कॅपकॉम कंपनीने २०१७ मध्ये 'द डिस्ने आफ्टरनून कलेक्शन' काढलं. त्यात तिचे सहा जुने खेळ आहेत: 'डकटेल्स'चे दोन, 'चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्स'चे दोन, 'टेलस्पिन' आणि 'डार्कविंग डक'. ते विंडोज कॉम्प्युटर, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी आलं. चूक झाली की खेळ मागे नेण्याची सोयही त्यात आहे. खड्ड्यात पडलात की बटण दाबायचं, बदक उलटं वर येतं. आमच्या वेळी ही सोय असती तर निम्मी भांडणं झालीच नसती. १९८९ च्या खेळाला नवं रूप देणारा 'डकटेल्स रीमास्टर्ड' २०१३ मध्ये आला, तोही चांगला आहे, पण तो जुना खेळ नव्हे, त्याच गोष्टीची नवी मांडणी आहे.

माळ्यावरचं तेच यंत्र, तोच रिमोट, तोच टीव्हीसमोर मांडी घालून बसायचा थाट हवा असेल तर पुढे चला. लागणारं सामान थोडंच: साधा मल्टिमीटर, बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, एक मऊ पांढरा खोडरबर आणि जुना सुती रुमाल.

हे यंत्र आहे तरी काय

जपानमध्ये निन्टेन्डोने १९८३ च्या जुलैमध्ये फॅमिकॉम आणला. अमेरिकेत गेला तो एनईएस. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत आले ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकलेवर बनलेले संच, नाव काहीही छापलेलं असो. यातला एक फरक खरेदीच्या वेळी उपयोगी पडतो. फॅमिकॉमच्या कॅसेटीला ६० पिना असतात, अमेरिकन एनईएसच्या कॅसेटीला ७२, आणि ती कॅसेट आकारानेही बरीच मोठी असते. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेली एनईएसची कॅसेट आपल्या संचात जायचीच नाही. त्यासाठी मधला जोड मिळतो, पण आधी घरातलं चालू करा.

दुसरा फरक आपल्या फायद्याचा. परदेशी एनईएसवर पडदा सारखा लुकलुकतो ते एका कुलूपवजा चिपमुळे. आपल्या संचांत ती चिपच नसते. त्यामुळे इंटरनेटवरचे एनईएस दुरुस्तीचे निम्मे उपाय आपल्याला लागू होत नाहीत.

अडॅप्टर: इथे घाई करू नका

माझा दीड शनिवार-रविवार इथेच गेला. मूळ अडॅप्टर सापडेना. घरात राउटरचा १२ व्होल्टचा पडला होता, पिन बरोबर बसली, म्हटलं चाललं तर चाललं. बटण दाबलं आणि दोन सेकंदांत करपट वास. पिन बसते म्हणजे वीजही जुळते असं नाही, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली व्होल्टेज. या संचांवर बहुतेक ९ व्होल्ट डीसी लिहिलेलं असतं, पण काही वेगळेही असतात, म्हणून संच उलटा करून खालचं लेबल वाचा. दुसरी आणि जास्त दगा देणारी गोष्ट म्हणजे पिनेची दिशा. आजकालच्या बहुतेक अडॅप्टरांत पिनेच्या आतल्या बाजूला अधिक आणि बाहेरच्या पत्र्याला उणे असतं. मूळ फॅमिकॉममध्ये नेमकं उलट: आत उणे, बाहेर अधिक. नकलांनी बहुधा तेच उचललं, पण सगळ्यांनी नाही.

लेबल पुसलं गेलं असेल तर अंदाज बांधू नका, मोजा. संचाचे खालचे स्क्रू काढा. आत पॉवरच्या भोकाजवळ तीन पायांचा, धातूच्या पाठीचा एक काळा तुकडा असेल. त्यावर बहुधा ७८०५ लिहिलेलं असतं. त्याचं काम बाहेरून आलेल्या ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करून चिपांना देणं. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ग्राउंड (म्हणजे उणे) आणि उजवा बाहेर जाणाऱ्या ५ व्होल्टचा. आता मल्टिमीटर बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. एक टोक मधल्या पायाला, दुसरं पॉवरच्या भोकातल्या मधल्या दांडीला. बीप वाजली तर आत उणे. नाही वाजली तर भोकाच्या कडेच्या पट्टीला लावून पाहा, तिथे वाजली तर बाहेर उणे. हे सगळं अर्थात प्लग काढून.

मग अडॅप्टर एकटाच प्लगमध्ये लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेर. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर आत उणे. जुना, जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेला ९ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा असताना १३-१४ व्होल्ट दाखवतो. त्याला घाबरू नका, संच जोडला की ते खाली येतं. नव्या हलक्या अडॅप्टरवर मात्र ९ च्या आसपासच दिसायला हवं. विकत घेताना ९ व्होल्ट, १ अँपिअर मागा आणि दिशा दुकानातच मोजून घ्या. दुकानदार "सगळ्याला चालतो साहेब" म्हणेल. हसून मोजा.

१२ व्होल्ट का नको? ७८०५ जास्तीची वीज साठवत नाही, तिची उष्णता करून टाकतो. ९ आत आले तर ४ व्होल्टची उष्णता, १२ आले तर ७ ची. तो तापतो आणि मग मान टाकतो. माझ्याकडे १२ तर होतेच, वर दिशाही उलटी. ७८०५ गेला, शेजारचा एक गोल कपॅसिटर फुगला. नशीब म्हणून मुख्य चिप वाचली. दोन्ही भाग मिळून खर्च एका वडापावाच्या आसपास आला. सोल्डरिंग येत नसेल तर एखाद्या जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे न्या. कपॅसिटर बदलताना त्याच्यावरचाच मायक्रोफॅरडचा आकडा घ्या, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, आणि अंगावरची पट्टी उण्याच्या बाजूला.

शेवटची खात्री: संच चालू करून ७८०५ च्या मधल्या आणि उजव्या पायांमध्ये मोजा. ४.८ ते ५.२ व्होल्ट आले की विजेचा प्रश्न मिटला. ते येईपर्यंत कॅसेटीला हात लावायचा नाही.

टीव्ही

संचाच्या पाठीमागे बहुतेक दोन वाटा असतात. एक अँटेनाची, दुसरी पिवळ्या-पांढऱ्या पिनांची. अँटेनाच्या वाटेने जाऊ नका. चॅनेल शोधत बसावं लागतं आणि चित्रात मुंग्या येतात. पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची.

नव्या एलईडी टीव्हीला पिवळं भोक नसतं, बारीक इअरफोनसारखं एव्ही भोक असतं आणि त्यासाठी छोटी वायर लागते. यात एक गंमत आहे. ती वायर प्रत्येक कंपनीची सारखी दिसते पण आतली जोडणी वेगळी असते. चित्र येत नाही आणि स्पीकरमधून घरघर येते आहे, तर चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने चाललाय असं समजा. पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या भोकात घालून पाहा. रंग न पाहता तिन्ही भोकं आलटून पालटून बघायची, त्यात काही जळत नाही.

चित्र काळं-पांढरं येत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टिम शोधून पाल (आपली पद्धत), एनटीएससी (जपान-अमेरिकेची), ऑटो अशी एकेक बदलून बघा. मग दोन गोष्टी न विसरता करा. चित्राची मापं ४:३ ठेवा, नाहीतर स्क्रूज आडवा पसरून नगरसेवकासारखा दिसतो. आणि 'गेम मोड' चालू करा. नवा टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात क्षणभर उशीर करतो. सिनेमाला ते कळत नाही, पण या खेळात उडी आणि काठी यांत इतकं कमी अंतर असतं की तो क्षण जीव घेतो.

एव्ही भोकच नसेल तर एव्ही ते एचडीएमआय अशी डबी मिळते. स्वस्त डब्यांचा एक दोष माहीत असू द्या. स्क्रूजला मार लागला की तो काही क्षण लुकलुकतो, एका चित्रात दिसतो, पुढच्यात नाही. स्वस्त डबी चित्रांची जोडी लावताना कधी त्याला पुरता गायब करते. संच बिघडलेला नसतो, डबी गोंधळलेली असते. याउलट पडद्यावर खूप शत्रू एका ओळीत आले की ते चमकू लागतात, तो दोष कुणाचाच नाही. एका आडव्या रेषेवर आठच हलती चित्रं दाखवायची ताकद या यंत्रात आहे. नववं आलं की ती आळीपाळीने दाखवावी लागतात.

सोसायटीत कुणी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारात काढत असेल तर उचला. या खेळाला त्याच्यासारखा पडदा नाही. बंदुकीचे खेळ तर एलईडीवर चालतच नाहीत, ती बंदूक पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाच्या वेळेवर चालते. फक्त अशा टीव्हीची पाठ कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट राहू शकतात.

कॅसेट, आणि फुंकरीचा गैरसमज

वीज आली, टीव्ही जुळला, आणि तरी पडदा एकाच रंगाचा किंवा अक्षरांचा खिमा झालेला. आता कॅसेट.

फुंकर मारल्यावर चालायची, हे खरं आहे. पण फुंकरीने नव्हे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना घासल्या जायच्या आणि जोड लागायचा. फुंकरीतून फक्त थुंकीचा ओलावा आत जायचा आणि वर्षभराने त्याच पिना काळ्या पडायच्या. ठाण्यात एकीकडे खाडी, दुसरीकडे तलाव आणि चार महिने पाऊस, त्यात आपण भर घालायची.

बरोबर रीत अशी. संच बंद, प्लग काढलेला. कापसाची काडी आयसोप्रोपिलमध्ये ओली करून कॅसेटीच्या पिनांवर एकाच दिशेने, वरून खाली फिरवा. काडी काळी होईल. स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा, दोन्ही बाजूंनी. काळेपणा हटला नाही तर मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, चुरा झटका आणि पुन्हा अल्कोहोल. शाई खोडायचा खरखरीत निळा रबर नको, तो पिनेचा मुलामाच खरवडतो. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं. वाळायला दहा मिनिटं द्या.

संचातल्या खाचेचीही तीच गोष्ट. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीभोवती सुती रुमालाचा एक पदर गुंडाळा, अल्कोहोलचे थोडे थेंब टाका आणि कॅसेटीसारखी पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. ओला चिंब नको. नंतर स्वच्छ कॅसेट, वीज बंद ठेवूनच, चार वेळा घालून काढून बघा. चालू संचातून कॅसेट ओढायची सवय असेल तर ती आज सोडा.

एवढं करून चालत नसेल तर कॅसेट उघडता येते. नकली कॅसेटींचे दोन भाग बहुधा कुलपी दातांवर बसलेले असतात. आत हिरव्या पट्टीवर चौकोनी चिपेऐवजी नुसता काळा गोल डांबरासारखा ठिपका दिसला, आणि पिना स्वच्छ असूनही ती मुकी असेल, तर तिचा नाद सोडा. त्या ठिपक्याखालची चिप दुरुस्त होत नाही.

रिमोटचं थोडक्यात: बटण दाबूनही ऐकत नसेल तर मागचे स्क्रू काढा, आतल्या रबरी बटणांचे काळे ठिपके आणि पट्टीवरचे ठिपके अल्कोहोलने पुसा. दहातले आठ रिमोट एवढ्यावर सुधारतात. आणि नऊ पिनांचा सेगाचा रिमोट आपल्या संचात बसतो असं वाटलं तरी लावू नका, आतली जोडणी वेगळी असते.

कॅसेट विकत घ्यायची असेल तर

'डकटेल्स' घरात नसेल तर शोधावी लागेल. ठाणेकरांनी फास्ट पकडून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. नवी मुंबईकरांनी हार्बरने कुर्ला, मग दादर. रविवारी जाऊ नका, तिथली बहुतेक दुकानं बंद असतात आणि वर मेगाब्लॉक. अडॅप्टर, एव्ही वायर, आयसोप्रोपिल सगळं त्याच फेरीत घेता येतं. जुन्या कॅसेटी मात्र दुकानापेक्षा चोरबाजारात, ऑनलाइन जुन्या वस्तूंत आणि सगळ्यात जास्त नातेवाइकांच्या माळ्यावर सापडतात. शक्य असेल तर स्वतःचा संच पिशवीत घेऊन जा आणि लावून बघा.

'९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटीत 'डकटेल्स' मिळेल या आशेवर राहू नका. कारण साधं आहे. मारिओचा पहिला खेळ सगळा मिळून ४० केबीचा. असे छोटे खेळ एकात कोंबता येतात, आणि ९९९ मध्ये तेच दहा-वीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात. 'डकटेल्स' १२८ केबीचा, शिवाय त्याला कॅसेटीत जास्तीची चिप लागते. म्हणून तो स्वतंत्र कॅसेटीत, नाहीतर '४ इन १' सारख्या छोट्या गठ्ठ्यात सापडतो. जपानी अक्षरांची कॅसेट निघाली तर परत करू नका. जपानमध्ये हा खेळ 'वानपाकु डक युमे बोकेन' नावाने १९९० मध्ये आला, खेळ तोच.

आपल्या लहानपणच्या बहुतेक कॅसेटी चोरीच्या नकला होत्या, हे मोठेपणी कळलं. भाचीने विचारलं तेव्हा मी विषय बदलला. आता तिला २०१७ चा संग्रह विकत घेऊन दिलाय.

पावसाळ्यात संच आणि कॅसेटी पातळ पिशव्यांत नको, घट्ट झाकणाच्या बिस्किटाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी देईल. तांदूळ भातासाठी.

आता खेळ

अंकल स्क्रूज हे पात्र कार्ल बार्क्स यांनी १९४७ मध्ये कॉमिकसाठी तयार केलं. कार्टून मालिका १९८७ ची, खेळ १९८९ चा. आपल्याला तो रविवारी दूरदर्शनवर हिंदीत बोलताना भेटला. मालिका सुरू झाली की चाळीतल्या सगळ्या दारांतून एकच आवाज यायचा.

खेळ सुरू होताना तीन पातळ्या विचारतो: ईझी, नॉर्मल, डिफिकल्ट. लाज न बाळगता ईझी घ्या. यात खेळ जपून ठेवायची सोय नाही, पासवर्डही नाही. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जेवण उरकून बसा.

मुख्य डाव एकच शिकायचा आहे: काठीवर उड्या. आधी उडी, हवेत असताना खालचं बटण आणि बी एकत्र दाबून धरा. जोपर्यंत धरलंय तोपर्यंत स्क्रूज काठीवर टुणटुणत राहतो, शत्रूच्या डोक्यावर पडला तर शत्रू मरतो, काट्यांवर पडला तरी त्याला काही होत नाही. मुलं पहिल्या दिवशी बी आधी दाबतात आणि पाय घसरल्यासारखा तो नुसता खाली येतो. क्रम घोकून घ्या: उडी, खाली, बी. दुसरा डाव गोल्फचा: दगडाला टेकून उभं राहायचं आणि बी, दगड उडून जातो. रिमोटवर टर्बो बटण असेल तर या खेळात त्याला हात लावू नका, धरून ठेवायचं बटण ते सोडून-दाबून करतं आणि उडी मोडते.

पाच जागा आहेत आणि कुठूनही सुरुवात करता येते. पण क्रमाला अर्थ आहे. मी असा सांगतो.

ॲमेझॉन पहिलं. इथे काठी हातात बसते. वेलींवर चढा, आणि मोकळ्या दिसणाऱ्या जागीही उड्या मारत जा, हवेतून हिरे निघतात. मिसेस बीकली (स्क्रूजच्या घरची आया) भेटली की ती खाऊ टाकते, तो हृदयं भरतो. शेवटचा खजिना इंका राजाचा राजदंड.

दुसरं ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिका नव्हे. बहुतेक जण आफ्रिकेच्या खाणीत आधी जातात आणि दारावरूनच परत पाठवले जातात, कारण खाणीची चावी या वाड्यात आहे. वाड्यातले आरसे तुम्हाला दुसरीकडे नेऊन टाकतात आणि काही भिंती खोट्या आहेत. आम्ही वहीच्या मागच्या पानावर याचा नकाशा काढला होता. तुम्हीही मुलांना काढायला लावा, पहिल्यांदा तरी इंटरनेट पाहू नका. शेवटी मॅजिका ही चेटकीण. तिच्यामागे धावू नका, ती परत दिसली की डोक्यावर उडी.

मग आफ्रिकेतली खाण. चावी आहे, त्यामुळे आता नुसती चिकाटी. मोठा हिरा मिळतो.

चौथा हिमालय, आणि इथे सगळ्यांची फजिती होते. मऊ बर्फावर काठीने उडी मारली की काठी रुतते आणि स्क्रूज अडकून बसतो. बाहेरच्या बर्फात साध्या उड्या, आतल्या गुहेत पुन्हा काठी. पहिल्यांदा भाची इथे तीन लाइफ घालवून बसली आणि रिमोट माझ्याकडे फेकला. मीही तिथेच मेलो. गुहेत बब्बा हे आदिमानवी बदक बर्फात गोठलेलं आहे, त्याला सोडवा.

पाचवा चंद्र. हा खेळ ज्यांना आठवतो त्यांना आधी हेच संगीत आठवतं. ते हिरोशिगे तोनोमुरा यांचं. इथे उडत्या तबकडीत शिरून गिझमोडक या चिलखतधारी साथीदाराला बोलवायचा रिमोट शोधावा लागतो, तो येऊन वाट अडवणारी भिंत फोडतो. शेवटी मोठा उंदीर आणि हिरवं चीज.

या सुरावटीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. जपान-अमेरिकेत ६०. या खेळाचं संगीत चित्रागणिक पुढे सरकतं. म्हणजे पालसाठी बनवलेल्या संचावर तिकडे १० सेकंदांत वाजणारा तुकडा आपल्याकडे १२ सेकंद घेतो, आणि सूर जवळजवळ तेच राहतात. भाचीने कॉम्प्युटरवर संग्रह लावला तेव्हा चंद्राचं संगीत ऐकून मी म्हणालो, "हे कुणीतरी पळवलंय." पळवलेलं नव्हतं. आपणच तीस वर्षं ते सावकाश ऐकत आलो होतो. नवा संग्रह खेळताना हातही चुकतात ते याचमुळे. पहिला तासभर हात जुळेपर्यंत धीर धरा.

पाच खजिने मिळाले की संपलं असं वाटतं. संपत नाही. पाच मुख्य खजिन्यांशिवाय दोन लपलेले आहेत, ते कुठे ते सांगत नाही. आणि पाचही हाती आल्यावर पुन्हा ट्रान्सिल्व्हेनियाला जावं लागतं, ड्रॅक्युला डकला भिडायला. पुन्हा तेच आरसे, त्या वेळी वहीतला नकाशा कामी येतो. तो हरला की हात रिमोटवरून काढू नका, "जिंकलो" म्हणून उठू तर अजिबात नका. एक दोरी दिसेल. स्क्रूजचा प्रतिस्पर्धी ग्लोमगोल्डही तिच्याच दिशेने निघालेला असतो. लगेच चढायला लागा.